विश्लेषण : मुलांची रिकामी खोली भाड्याने द्यायची तर… भिंत आधी की करार?

पैठणमधल्या कितीतरी घरांत एक खोली कायम बंद असते. मुलगा पुण्याला, मुलगी नाशिकला आणि घरात दोघेच. खोलीत जास्तीच्या गाद्या, बंद पडलेला कूलर, धान्याची कोठी आणि दिवाळीत मुले येतील म्हणून राखून ठेवलेला पलंग. त्याच गल्लीतून बदलीवर आलेला एखादा शिक्षक ‘खोली आहे का?’ असे विचारत फिरत असतो. घरमालकाला चार पैसे हवे असतात, त्याला छप्पर हवे असते, तरी व्यवहार होत नाही. कारण घरमालकाच्या मनात दोन प्रश्न असतात : खर्च किती येईल, आणि आत आलेला माणूस वेळेवर बाहेर निघेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा न्हाणीघराच्या पाइपात सापडते. दुसऱ्याचे उत्तर राज्याच्या कायद्यात आहे, मात्र ते ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीचा शिक्का मारून मिळत नाही.

पैठणमध्ये खोलीला मागणी कोणाची?

तालुक्याचे ठिकाण असल्याने सरकारी कार्यालये, शाळा, महाविद्यालय, बँका, रुग्णालय इथे आहेत. पाटबंधारे खात्याची माणसे जायकवाडीचे काम सुरू झाले त्या १९६५ पासून येत-जात आहेत. पैठणची औद्योगिक वसाहत आहे. छत्रपती संभाजीनगर सुमारे ५० किलोमीटरवर असल्याने अनेक जण रोज ये-जा करतात. पण रात्रपाळीची परिचारिका किंवा सकाळी सातची शाळा असलेली शिक्षिका हे रोज करू शकत नाही.

यात भर पडणार आहे बिडकीनची. ऑरिक सिटीचा बिडकीन टप्पा पैठण तालुक्यातच येतो. टोयोटा किर्लोस्कर मोटरने जुलै २०२४ मध्ये तिथल्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सुमारे २० हजार कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला. कारखाने उभे राहतील तशी राहण्याच्या जागेची मागणी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे सरकेल. ती पैठणपर्यंत किती पोहोचेल हे आज सांगणे म्हणजे अंदाज बांधणे. म्हणून केवळ बिडकीनच्या भरवशावर कर्ज काढून खोल्या बांधू नयेत. असलेली खोली नीट करणे ही वेगळी गोष्ट.

खोली आणि बिऱ्हाड यांत फरक काय?

नुसती खोली दिली की भाडेकरू घरमालकाच्या संसारात राहतो. त्याच्या आंघोळीची वेळ तुमच्या आंघोळीच्या वेळेवर ठरते, रात्री तो उशिरा आला की तुम्हाला उठून कडी काढावी लागते, त्याच्या पाहुण्यांच्या चपला तुमच्या पडवीत राहतात. पहिले दोन महिने सगळे गोड असते, मग कुरबुर सुरू होते.

बिऱ्हाड म्हणजे स्वतःचे दार, स्वतःचे न्हाणीघर-शौचालय, स्वयंपाकाचा ओटा आणि विजेचा वेगळा हिशेब. यातले दार सगळ्यात महत्त्वाचे. बाहेरून जिना असलेली वरची खोली किंवा बोळात दार उघडणारी मागची खोली असेल तर अर्धे काम झालेलेच आहे. घराच्या आतून जाणारे जुने दार मात्र कायमचे बंद करावे. विटांनी बुजवायचे नसेल तर निदान दोन्ही बाजूंनी कड्या असाव्यात. एकाच बाजूने कडी असलेल्या दारामागे कोणतीही एकटी बाई निश्चिंत झोपत नाही.

खोली मापात बसते का?

इथे बरेच बेत कागदावरच थांबतात, आणि ते बरेच असते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याची खोली किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे साधारण १०२ चौरस फूट असावी आणि तिची रुंदी २.४ मीटरपेक्षा कमी नसावी. एकत्रित न्हाणीघर-शौचालय किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे ३० चौरस फूट. वेगळे स्वयंपाकघर काढायचे तर ५ चौरस मीटर, म्हणजे ५४ चौरस फूट.

आता टेप घेऊन हिशेब करा. १२ बाय १४ फुटांची खोली १६८ चौरस फुटांची होते. त्यातून ७ बाय साडेचार फुटांचे न्हाणीघर-शौचालय काढले की साधारण १३६ चौरस फूट उरतात. यातून वेगळे स्वयंपाकघरही काढले तर राहायला ८२ चौरस फूट. म्हणजे ते जमत नाही. ओटा खोलीतच, खिडकीच्या भिंतीला लावावा लागेल किंवा मागच्या व्हरांड्यात न्यावा लागेल.

१० बाय १२ च्या खोलीत न्हाणीघर काढले की ८८ चौरस फूटच उरतात. म्हणजे या खोलीत बिऱ्हाड होत नाही. अशा वेळी लोक न्हाणीघर घराबाहेर, कुंपणाच्या भिंतीला चिकटवून बांधतात. ती जागा बहुतेकदा नियमाने मोकळी सोडलेल्या सामासिक अंतरातली असते. शेजाऱ्याशी जन्माचे भांडण ओढवून घेण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे.

ज्या खोलीला आधीपासून न्हाणीघर जोडलेले आहे ती घरातली सर्वात छोटी खोली असली, तरी भाड्याने द्यायला बहुधा तीच योग्य ठरते. मोठ्या खोलीचा मोह आवरावा.

पाणी आणायचे कुठून आणि सोडायचे कुठे?

गवंड्याला बोलावण्याआधी सांडपाण्याचे चेंबर कुठे आहे ते पाहा. शौचालयाचा चार इंची पाइप साधारण ४० फुटांना १ फूट या उताराने जावा लागतो. चेंबर १५ फुटांवर असेल तर साडेचार इंचांचा उतार हवा. तळमजल्यावर फरशी फोडून तो काढता येतो. वरच्या मजल्यावर स्लॅब फोडता येत नाही. मग न्हाणीघराची जमीन उचलावी लागते आणि आत जाताना पायरी चढावी लागते. याला सोपा पर्याय म्हणजे भिंतीतून मागच्या बाजूला पाइप निघणारा, पी ट्रॅपचा कमोड. तो बाहेरच्या भिंतीला लागून बसवला की स्लॅबला हात लावावा लागत नाही. भारतीय पद्धतीच्या भांड्याला खाली खोली लागते, म्हणून वरच्या मजल्यावर त्याचा आग्रह महागात पडतो.

सेप्टिक टँक असेल तर आणखी दोन माणसांचा भार ती पेलेल का, हे पाहा. वर्षानुवर्षे न उपसलेली टाकी नवे बिऱ्हाड आले की पहिल्याच पावसाळ्यात तोंड उघडते. गोदाकाठची काळी कसदार जमीन पिकाला उत्तम, पण शोषखड्ड्याला वाईट. ती पाणी धरून ठेवते, मुरू देत नाही. काळ्या मातीत शोषखड्डा मोठा घ्यावा लागतो आणि तरीही पावसाळ्यात तो भरतो. पिण्याच्या बोअरपासून तो निदान ६० फूट दूर हवा. जुन्या गावात, पांढरीच्या टेकाडावरच्या अरुंद गल्ल्यांत एवढे अंतर मिळतच नाही. तिथे नगर परिषदेच्या गटार जोडणीशिवाय नवे शौचालय काढण्याचा विचार करू नये.

धरण उशाला असले तरी घरात टाकी लागतेच. माणशी रोज १३५ लिटर हे नियोजनाचे माप धरले तर दोघांना २७० लिटर. बिऱ्हाडासाठी ५०० लिटरची वेगळी टाकी ठेवली तर दोन दिवसांची सोय होते आणि ‘तुम्हीच सगळे पाणी संपवले’ हे वाक्य दोन्ही बाजूंना बोलावे लागत नाही.

न्हाणीघराच्या टाइल्स निवडायला लोक चार दुकाने फिरतात आणि वॉटरप्रूफिंगवर पैसे वाचवतात. हे उलटे असावे. टाइल साधी चालते, पण ओल शेजारच्या भिंतीत शिरली की तुमच्याच देवघराचा पोपडा सुटतो.

एक गोष्ट मात्र अजिबात टाळू नये. गॅस गिझर बंद न्हाणीघरात लावू नका. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन आणि गंधहीन असतो, त्यामुळे आंघोळ करणाऱ्याला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावा किंवा विजेचा घ्यावा. विजेचा घेतला तर नीट अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच हवाच. हा खर्च भाडेकरूवर ढकलण्यासारखा नाही.

ओट्याजवळ खिडकी असावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की तो खाली, जमिनीलगत साठतो. म्हणून वरचा एक्झॉस्ट पंखा पुरेसा नाही, खालून हवा जायला दाराखाली फट किंवा जाळीही लागते. भाडेकरू एकटा असेल तर पाच किलोचे छोटे सिलिंडर त्याला ओळखपत्रावर मिळते, पत्त्याच्या पुराव्यासाठी तुमच्याकडे यावे लागत नाही.

नवी भिंत कुठे घालू नये?

वरच्या मजल्यावर, जिच्याखाली तुळई नाही अशा जागी विटांची भिंत घालू नये. दहा फूट लांब, दहा फूट उंच, चार इंची विटांची भिंत प्लास्टरसह दोन टनांच्या आसपास भरते. ते वजन स्लॅबच्या मध्यावर येते. एएसी ब्लॉकचे वजन विटेच्या साधारण एक तृतीयांश असते, तेच वापरावेत. जुन्या घरांत भिंतीच भार पेलतात. तिथे नवे दार काढायचे तर आधी वर लिंटेल आणि मग खाली तोडफोड, हा क्रम गवंड्याकडून पाळून घ्या. जुन्या वाड्याच्या भिंतीला हात लावण्याआधी अभियंत्याला एकदा घरी बोलवा. त्याची फी एका महिन्याच्या भाड्याहून फार जास्त नसते.

उन्हाचेही बघा. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि वर नुसता स्लॅब असलेली खोली रात्री अकरालाही तापलेली असते. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात आणि समोरासमोर दोन खिडक्या एवढे केले तरी फरक पडतो. नाहीतर डिसेंबरात आलेला भाडेकरू मेमध्ये जातो.

परवानगी लागते का?

घराच्या आत हलकी भिंत, ओटा, फरशी, रंग अशा कामांसाठी सहसा बांधकाम परवानगी लागत नाही. घराचा आकार वाढला, बाहेर नवा जिना आला, व्हरांडा बंद केला किंवा भार पेलणाऱ्या भिंतीत बदल केला की विषय नगर परिषदेकडे जातो. राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. लहान भूखंडांसाठी तिच्यात सोपी पद्धत आहे, पण तीही कागदावर नोंदवावी लागते. जागा गुंठेवारीतली असेल तर आधी ती नियमित झाली आहे का ते पाहा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमित करण्याची सोय झाली.

नदीकाठच्या घरांसाठी वेगळा नियम आहे. निळ्या पूररेषेच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवरच. पैठणकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. २००६ आणि २०२५ साली जायकवाडीतून मोठा विसर्ग झाला तेव्हा काठच्या वस्त्यांतली माणसे रातोरात हलवावी लागली. तळमजल्याची खोली पुराच्या टप्प्यात येत असेल तर भाडेकरूला हे आधीच सांगावे. त्याला रस्ता माहीत नसतो, धरणाचा भोंगाही ओळखीचा नसतो.

मालमत्ता कराच्या नोंदीत मालक आणि भोगवटादार असे दोन रकाने असतात. भाडेकरू आला की कर वाढू शकतो. लपवण्यापेक्षा भाडे ठरवतानाच तो धरलेला बरा. घर भावंडांच्या सामाईक नावावर असेल तर त्यांची लेखी संमती घ्या. खोली बंद होती तोवर कोणाला आठवत नव्हती. भाडे सुरू झाले की सगळ्यांना आठवते.

‘११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हे खरे का?

महाराष्ट्रात नाही. हा गैरसमज इतका पक्का बसला आहे की शिकलेली माणसेही तो पुढे सांगतात. त्याचे मूळ केंद्राच्या जुन्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला त्यात नोंदणी सक्तीची नव्हती, म्हणून ११ महिने ही मुदत रूढ झाली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याच्या कलम ५५ ने चित्र बदलले. करार भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, मुदत कितीही असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत खरे धरले जाते. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

म्हणजे भाडेकरू घर बळकावेल या भीतीने जो घरमालक कागदच करत नाही किंवा नुसता नोटरीचा करतो, तो स्वतःच्या हाताने भाडेकरूची बाजू मजबूत करतो.

‘भाडे’ आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’ यांतला फरकही समजून घ्या. भाडेकराराने भाडेकरूचा जागेत हक्क तयार होतो. लायसन्समध्ये ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी मिळते, मालकी ताबा घरमालकाकडेच राहतो. मुदत संपूनही माणूस निघाला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे लेखी लायसन्स हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. नेहमीच्या दिवाणी दाव्यापेक्षा ही वाट जवळची आहे. हा कायदा राज्यातल्या प्रत्येक वाडी-वस्तीला सरसकट लागू नाही, तो ज्या भागांना लागू होतो ते परिशिष्टांत दिलेले आहेत. आपल्या जागेबाबत दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा वकिलाकडे एकदा विचारावे. नोंदणी मात्र कुठेही केलेली फायद्याचीच.

खर्च किती? लोक समजतात त्यापेक्षा फारच कमी. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. मुदतीतले एकूण भाडे आणि परत करायच्या अनामतीवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ते काढतात. समजा महिना ३,५०० रुपये, मुदत ११ महिने, अनामत १० हजार. भाड्याचे ३८,५०० आणि व्याजाचे ९१७ मिळून ३९,४१७ रुपये. त्याचा पाव टक्का म्हणजे शंभर रुपयांच्या आत-बाहेर. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर. अधिकृत सेवा पुरवठादार यंत्र घेऊन घरी येतात, त्यांचे शुल्क वेगळे. दोन साक्षीदार लागतात.

नाथांच्या वाड्यात श्रीखंड्या बारा वर्षे राहिला, कावडीने पाणी भरत राहिला आणि त्याच्याशी कोणताही करार नव्हता, ही कथा पैठणमध्ये लहान पोरालाही माहीत आहे. तो रांजण आजही षष्ठीच्या आधी भरला जातो. पण आपल्याकडे येणारा प्रत्येक जण श्रीखंड्या नसतो, आणि आपणही नाथ नसतो.

करारासोबत पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यावी. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर त्याचा फॉर्म आहे. माहिती देण्याचे आदेश जिल्ह्यात वेळोवेळी निघतात आणि ते मोडल्यास घरमालकावर गुन्हा दाखल होतो.

विजेचे बिल कोणाचे?

भाडेकरू-मालक भांडणांत पाण्याखालोखाल नंबर विजेचा. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत, आणि दर टप्प्यागणिक वाढतो. तुमचे ९० युनिट आणि भाडेकरूचे ७० युनिट एकाच मीटरवर आले की बेरीज १६० होते आणि ६० युनिट वरच्या टप्प्याच्या दराने लागतात. ते कोणाचे? दोघेही म्हणतात, समोरच्याचे.

स्वतंत्र प्रवेश आणि स्वतंत्र वायरिंग असेल तर महावितरणकडे वेगळ्या जोडणीसाठी अर्ज करावा. तोवर सबमीटर लावून, दर महिन्याच्या एक तारखेला रीडिंगचा फोटो दोघांच्या मोबाइलवर ठेवावा आणि प्रति युनिट दर करारात लिहावा. बिल थकले म्हणून वीज-पाणी तोडणे हा उपाय नाही. पुरेशा कारणाशिवाय अत्यावश्यक सेवा तोडायला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ची मनाई आहे.

यात्रेकरूंना द्यावी की वर्षभराच्या बिऱ्हाडाला?

पैठणमध्ये हा प्रश्न विचारला जाणारच. नाथषष्ठीला गाव माणसांनी फुलते. गोदाकाठी विधींसाठी वर्षभर लोक येतात आणि क्षेत्रोपाध्यायांच्या घरी यजमान उतरण्याची जुनी रीत आहे. चार दिवसांत महिन्याचे भाडे निघते असा हिशेब काही जण मांडतात.

तो चार दिवसांपुरता खरा आहे. उरलेल्या दिवसांत चादरी धुणे, चाव्या देणे, रात्री-अपरात्री दार उघडणे ही कामे घरातल्याच कोणावर तरी येतात, बहुतेकदा घरातल्या बाईवर. साठी ओलांडलेल्या जोडप्याने हे डोक्यावर घेऊ नये, असे स्पष्ट मत. ज्या घरात करायला हात आहेत त्यांनी पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंद करून रीतसर करावे. मालक त्याच घरात राहत असणे ही तिची मुख्य अट आहे. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते.

षष्ठीला नातेवाईक किंवा दिंडीतली ओळखीची मंडळी उतरतात म्हणून खोली राखून ठेवायची असेल तर करार षष्ठीनंतर सुरू करा. ‘षष्ठीला आठ दिवस खोली रिकामी करून द्या’ अशी तोंडी अट घालून वर्षाचे भाडे घेणे हे भाडेकरूवर अन्यायाचे आहे.

हिशेब जमतो का?

पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी, स्वतःच्या गवंड्याच्या अंदाजाने बदलून घ्यावेत. नवे न्हाणीघर, ओटा, वायरिंग, टाकी आणि दार यांवर १,८०,००० रुपये लागले. भाडे ३,५०० रुपये. वर्षातला एक महिना खोली रिकामी राहील हे धरून ३८,५०० हातात. दुरुस्ती, नोंदणी, करवाढ यांचे ५,००० वजा केले तर ३३,५००. पैसे परत यायला साडेपाच वर्षे. त्याच घरात न्हाणीघर जोडलेली खोली असेल आणि काम ६०,००० त भागले, तर दोन वर्षांच्या आत.

भाड्याचे उत्पन्न आयकर विवरणात दाखवावे लागते. भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेतून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तिच्यासाठी पावत्या जोडाव्या लागत नाहीत. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या अनेकांना यानंतर कर लागतही नाही. तरी उत्पन्न दाखवलेले असले की पुढे बँकेत उपयोगी पडते.

कोणाला द्यायची आणि परत घेताना काय पाहायचे?

‘फक्त कुटुंबाला’, ‘आमच्यातल्यांनाच’, ‘एकट्या मुलीला नको’ या पाट्या लिहिलेल्या नसतात, पण असतात. परिणाम असा की रुग्णालयातली परिचारिका किंवा पहिल्याच नेमणुकीवर आलेली शिक्षिका सहा-सहा घरे फिरते. वास्तविक नियमित पगार, ठरलेली नोकरी आणि कधीतरी होणारी बदली ही तिन्ही लक्षणे घरमालकाला हवी तशीच आहेत. जात विचारून भाडे वेळेवर येत नाही. नोकरीचे ओळखपत्र आणि आधीच्या घरमालकाचा फोन नंबर विचारून येते.

अनामत किती घ्यावी? केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा सुचवली आहे. तो स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर असले, तरी एका खोलीच्या बिऱ्हाडाला हे माप पुरते.

चावी देताना खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा : नळ, टाइल्स, खिडकीच्या काचा, पंखा, मीटरचा आकडा. तो भाडेकरूला त्याच दिवशी पाठवा. निघताना तोच व्हिडिओ समोर ठेवून खोली पाहायची आणि अनामत त्याच दिवशी परत द्यायची. भिंतीचा रंग फिका पडणे हे नुकसान नव्हे, फुटलेले सिंक हे नुकसान. कोणत्या गोष्टीचे पैसे कापले जातील याची यादी करारातच टाकली तर निरोपाच्या दिवशी घासाघीस होत नाही.

कराराची मुदत शक्यतो मेअखेर संपेल अशी ठेवा. शाळा-महाविद्यालयांचे वर्ष आणि बऱ्याच बदल्या त्याच सुमारास होतात, त्यामुळे जुना माणूस जातो तेव्हा नवा शोधत असतो. शिवाय मेमध्ये खोली आठवडाभर रिकामी मिळाली तर गच्चीचा चुना आणि सेप्टिक टँकचा उपसा ही दोन कामे पावसाच्या आधी उरकतात.